तत्त्वज्ञान आणि धर्मांचा अभ्यास एकत्र घेताना: वाचन, निबंध आणि हमखास होणारे घोळ

प्रश्न असा आहे: विद्यापीठात तत्त्वज्ञान आणि धर्मांचा अभ्यास हे दोन्ही विषय एकत्र घेऊन पदवी करायची आहे. वाचन प्रचंड असतं आणि बरेचसे गुण निबंधांवर ठरतात असं ऐकलंय. शिवाय आपण श्रद्धाळू असलो किंवा अजिबात नसलो, तर त्याची अडचण होते का? तयारी कशी करावी?

तिन्ही गोष्टींवर सांगतो, पण एक मुद्दा आधी. हे विषय एकमेकांच्या शेजारी बसत असले तरी त्यांचे प्रश्न वेगळे आहेत. तत्त्वज्ञान विचारतं, 'हे खरं आहे का, आणि कशावरून?' धर्मांचा अभ्यास विचारतो, 'हे मानणारी माणसं कोण, ती प्रत्यक्षात काय करतात, आणि हे असं कधीपासून नि कशामुळे झालं?' पहिल्या वर्षाच्या निबंधांमध्ये सर्वाधिक गुण जातात ते एका प्रश्नाला दुसऱ्याच्या पद्धतीनं उत्तर दिल्यामुळे. 'हजारो वर्षं माणसं देव मानत आली आहेत, म्हणजे काहीतरी तथ्य असणारच' हे तत्त्वज्ञानाच्या निबंधात चालत नाही, कारण किती लोक मानतात यावरून ते खरं ठरत नाही. उलट, धर्मांच्या अभ्यासात एखाद्या विधीचं वर्णन करता करता 'ही अर्थातच अंधश्रद्धा आहे' असं लिहिलं की विश्लेषण तिथेच थांबतं. 'सर्व धर्म शेवटी एकच शिकवण देतात' हे वाक्यही याच जातीचं. ते गोड वाटतं आणि आपल्या लेखणीतून सहज उतरतं, पण ते एक मोठं विधान आहे आणि त्याला पुरावा द्यावा लागतो. तो बहुधा मिळत नाही.

फरक एका उदाहरणावर नीट दिसेल. दुःखाची समस्या दोन्हीकडे शिकवतात. तत्त्वज्ञ जे. एल. मॅकी यांनी १९५५ च्या लेखात ती अशी मांडली: देव सर्वशक्तिमान आहे, देव पूर्णपणे चांगला आहे, तरीही जगात वाईट आहे, ही तिन्ही विधानं एकत्र खरी असू शकत नाहीत. इथे विद्यार्थी एक पायरी गाळतात. ही तीन विधानं जशीच्या तशी एकमेकांशी भांडत नाहीत. विसंगती दाखवायची तर मध्ये आणखी विधानं घालावी लागतात: चांगली सत्ता वाईटाला शक्य तितकं दूर करते, आणि सर्वशक्तिमान सत्तेला काहीही अशक्य नसतं. मॅकी ती घालतात, आणि पुढचा सगळा वाद त्या विधानांवरच होतो. विल्यम रो यांचा १९७९ चा युक्तिवाद वेगळा आहे. त्यांचं उदाहरण वणव्यात भाजून, दिवसेंदिवस तडफडून मरणाऱ्या हरणाच्या पाडसाचं. तिथे दावा विसंगतीचा नाही. असं निरर्थक दिसणारं दुःख देव नसल्याकडे बोट दाखवतं, एवढाच आहे. पहिल्याला दिलेलं उत्तर दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही. दोघांना एकाच परिच्छेदात कोंबलं की निबंध फसला म्हणून समजा.

आता हाच प्रश्न ब्रह्मसूत्रांत, म्हणजे वेदान्ताच्या मूळ सूत्रग्रंथात, पाहा. २.१.३४ हे सूत्र ईश्वरावर येणारे दोन आक्षेप घेतं: वैषम्य, म्हणजे पक्षपात, आणि नैर्घृण्य, म्हणजे निर्दयपणा. उत्तर एका शब्दात आहे: सापेक्षत्व. ईश्वर प्राण्यांच्या कर्माच्या अपेक्षेनं सृष्टी करतो. शंकराचार्य भाष्यात पावसाचा दाखला देतात. पाऊस सगळ्या धान्यांना सारखाच पडतो. भात आणि जव वेगवेगळे उगवतात ते आपापल्या बीजामुळे. लगेच पुढचं सूत्र, २.१.३५, आक्षेपकाची पुढची चाल ओळखतं: सृष्टीच्या आरंभी कर्मच नव्हतं, तेव्हा काय? उत्तर येतं की संसार अनादी आहे.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यानं इथे विचारायचं: अनादित्वानं प्रश्न सुटतो की नुसता मागे ढकलला जातो? कर्मावर अवलंबून असलेला ईश्वर सर्वशक्तिमान राहतो का? म्हणजे मॅकींच्या विधानांपैकी नेमकं कोणतं इथे सोडलं गेलं? धर्मांच्या अभ्यासकाचे प्रश्न निराळे: भाष्य हा वाङ्मयप्रकार कोणासाठी होता, आक्षेपक खरोखर कोणत्या दर्शनाचा असावा की केवळ सोयीसाठी उभा केलेला, आणि घरात मृत्यू झाल्यावर लोक 'कर्म' हा शब्द वापरतात तेव्हा त्यांना सूत्रातलंच म्हणायचं असतं का. बहुतेकदा नसतं. सांत्वनातलं 'नशिबात होतं' आणि भाष्यातलं सापेक्षत्व यांत मोठं अंतर आहे, आणि तेच अंतर अभ्यासाचा विषय होऊ शकतं.

वाचनाकडे येऊ. तत्त्वज्ञानाचा २० पानांचा लेख नीट वाचायला अडीच-तीन तास लागतात. तासाला सात-आठ पानं हा वेग मंद बुद्धीचं लक्षण नाही, तो साधारण वेग आहे. पहिल्या फेरीत वीस-पंचवीस मिनिटांत एवढंच शोधा की लेखकाचं अंतिम म्हणणं काय आणि ते कोणाच्या विरोधात आहे. दुसऱ्या फेरीत पेन्सिल घेऊन प्रत्येक परिच्छेदाशेजारी तो काय काम करतोय ते दोन शब्दांत लिहा: दावा, भेद, उदाहरण, आक्षेप, उत्तर. परिच्छेदात काय म्हटलंय हे लिहू नका, तो कशासाठी आहे ते लिहा. या एका सवयीनं अर्धं काम होतं, कारण 'लेखक अमुक म्हणतो' असं ठोकून दिलेलं वाक्य पुष्कळदा लेखकानं खोडण्यासाठी मांडलेल्या आक्षेपातलं असतं. तिसऱ्या फेरीत लेख बंद करून युक्तिवाद क्रमांक घालून लिहायचा. अडलात तर नेमकं कुठे अडलात तेही कळतं.

एडमंड गेटिए यांचा १९६३ चा लेख जेमतेम तीन पानांचा आहे आणि त्याला एक अख्खी संध्याकाळ द्यावी लागते. ज्ञान म्हणजे खरी आणि समर्थित समजूत, ही व्याख्या तो मोडतो. स्मिथकडे भक्कम कारणं आहेत की नोकरी जोन्सला मिळणार आणि जोन्सच्या खिशात दहा नाणी आहेत. त्यावरून तो निष्कर्ष काढतो: ज्याला नोकरी मिळेल त्याच्या खिशात दहा नाणी आहेत. प्रत्यक्षात नोकरी स्मिथलाच मिळते, आणि त्याच्याही खिशात, त्याला कल्पना नसताना, नेमकी दहाच नाणी निघतात. समजूत खरी निघाली, समर्थनही होतं, पण याला ज्ञान म्हणायला जीभ धजत नाही.

चर्चेच्या तासाला यावर हटकून येणारं उत्तर म्हणजे 'स्मिथची कारणंच कच्ची होती'. लेखाच्या सुरुवातीला दोन गृहीतकं स्पष्ट लिहिली आहेत: खोट्या गोष्टीवरही समर्थित विश्वास असू शकतो, आणि समर्थित विश्वासातून तर्कानं काढलेला निष्कर्षही समर्थित राहतो. 'कारणं कच्ची होती' म्हणायचं तर यापैकी एक गृहीतक नाकारावं लागतं आणि त्याची किंमत मोजावी लागते. पहिलं नाकारलं तर समर्थनाला चुकण्याची मुभाच उरत नाही, आणि मग रोजच्या व्यवहारातलं फारच थोडं 'ज्ञान' शिल्लक राहतं. आक्षेप घेताना ही किंमत दाखवणं हेच चांगल्या निबंधाचं काम.

आणखी एक मोह इथेच होतो. बाराव्या शतकात वेदान्ती श्रीहर्षानं खंडनखंडखाद्य या ग्रंथात प्रमेच्या, म्हणजे यथार्थ ज्ञानाच्या, व्याख्या खोडताना असेच दाखले दिले आहेत. मुठीत लपवलेल्या कवड्या किती, याचं अंदाजानं दिलेलं आणि योगायोगानं खरं निघालेलं उत्तर, वगैरे. साम्य खरं आहे आणि उल्लेखनीयही. पण 'आपल्याकडे हे आधीच होतं' एवढ्यावर थांबलात तर हाती काही लागत नाही. गेटिए एका व्याख्येला अपुरी ठरवतात. श्रीहर्षाला मुळात व्याख्या करणंच जमणार नाही असं दाखवायचं आहे. साम्याचं एक वाक्य आणि फरकाचे दोन परिच्छेद, असं प्रमाण ठेवा.

धर्मांच्या अभ्यासातलं वाचन अगदी वेगळ्या चालीचं असतं. तिथे ३०० पानी पुस्तकं येतात आणि ती ओळीनं वाचायची नसतात. प्रस्तावना, समारोप, सूची, मग आपल्या कामाचं एखादं प्रकरण. मात्र सुरुवातीलाच पाहायचं की लेखकाकडे पुरावा कोणत्या जातीचा आहे: ग्रंथ, शिलालेख, दप्तरं, मुलाखती की प्रत्यक्ष निरीक्षण. ग्रंथांवरून लोकांच्या आचाराबद्दल आणि मुलाखतींवरून हजार वर्षांपूर्वीच्या समजुतींबद्दल निष्कर्ष काढलेले दिसले की सावध व्हा. मूळ ग्रंथ भाषांतरातून वाचताना भाषांतराचं साल बघा. मॅक्स म्युलर यांच्या संपादनाखाली १८७९ पासून निघालेली पूर्वेच्या पवित्र ग्रंथांची ५० खंडांची माला सहज उपलब्ध आहे, म्हणून सगळे तीच उचलतात. पण तिची शब्दकळा एकोणिसाव्या शतकाची आहे. तिच्या जोडीला नवं भाषांतर ठेवाच.

व्याख्यांचा प्रश्न पहिल्याच सत्रात येतो. मानववंशशास्त्रज्ञ टायलर यांनी १८७१ मध्ये धर्माची किमान व्याख्या केली: आत्मिक सत्तांवरचा विश्वास. समाजशास्त्रज्ञ दुर्खीम यांनी १९१२ मध्ये पवित्र गोष्टींविषयीच्या श्रद्धा आणि आचार, आणि त्यांनी बांधला जाणारा नैतिक समुदाय, यांवर भर दिला. पाठ करण्यापेक्षा दोन्ही बाजूंनी तपासा: व्याख्या कोणाला बाहेर टाकते आणि कोणाला आत घेते? टायलरची विश्वासावर उभी असल्यामुळे मीमांसकांसारख्यांपाशी, म्हणजे वेदांतल्या कर्मकांडाचा अर्थ लावणाऱ्या दर्शनापाशी, अडखळते. यज्ञकर्मावर त्यांचा इतका भर, पण सृष्टिकर्ता ईश्वर त्यांना लागत नाही. दुर्खीमची इतकी सैल आहे की राष्ट्रध्वज आणि खेळाचे संघही आत येऊ बघतात. धर्मांचे अभ्यासक जोनाथन स्मिथ यांनी १९८२ मध्ये तर म्हटलं की 'धर्म' हा वर्गच अभ्यासकानं आपल्या कामासाठी घडवलेला आहे. मराठीत विचार करणाऱ्याला इथे एक जादा खड्डा आहे. 'पाण्याचा धर्म', 'शेजारधर्म' आणि अर्जातल्या रकान्यातला 'धर्म' हे तीन वेगळे अर्थ आहेत. लिहिता लिहिता आपण एकावरून दुसऱ्यावर घसरतो आणि लक्षातही येत नाही. पहिल्याच पानावर सांगून टाका, कोणता अर्थ घेतलाय.

श्रद्धेबद्दल. धर्मांच्या अभ्यासात निनियन स्मार्ट यांनी रुळवलेली पद्धतीपुरत्या अज्ञेयवादाची भूमिका उपयोगी पडते: दावा खरा की खोटा हे कंसात ठेवायचं आणि मग पाहायचं. श्रद्धाळू विद्यार्थ्याची चूक सहसा अशी, की आपल्या घरी आलेलं रूप म्हणजेच ती परंपरा असं तो धरतो. श्रद्धा नसलेल्याची चूक अशी, की एखाद्या समजुतीचा उगम दाखवला म्हणजे ती खोटी ठरली असं त्याला वाटतं. दोघांनाही सारखेच कष्ट पडतात. पण हा कंस तत्त्वज्ञानाच्या वर्गात नेऊ नका. तिथे बाजू घ्यावीच लागते. दोन्हीकडचं मांडून 'शेवटी ज्यानं त्यानं ठरवावं' असं लिहिलेला निबंध सभ्य दिसतो, पण गुण जेमतेम मिळतात.

निबंध २००० शब्दांचा असेल तर तत्त्वज्ञानात त्यात एकच दावा मावतो. साधारण १५० शब्दांत दावा आणि तो कसा मांडणार हे सांगायचं, ५०० मध्ये ज्याच्यावर लिहिताय त्याचा युक्तिवाद, ६०० मध्ये तुमचा आक्षेप, ४०० ते ५०० मध्ये त्या आक्षेपाला समोरून येणारं सर्वांत बळकट उत्तर आणि त्यावर तुमचं म्हणणं. उरलेले शब्द आपोआप खर्च होतात. पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचं म्हणणं, कसं मांडावं हे जुन्या भाष्यकारांकडून शिकावं: प्रतिपक्षानं वाचून 'हो, मला हेच म्हणायचंय' असं म्हटलं पाहिजे. लेचापेचा पूर्वपक्ष खोडून मिळवलेला विजय परीक्षक मोजत नाहीत. 'अनादी काळापासून मानवाला प्रश्न पडत आले आहेत' ही सुरुवात आणि शब्दकोशातली व्याख्या, दोन्ही बिनदिक्कत कापा.

धर्मांच्या अभ्यासातल्या निबंधात उलट, विषय आवळावा लागतो: कोणता समुदाय, कोणता काळ, कोणती जागा. त्यासाठी एक कसोटी. 'इस्लाम सांगतो', 'बौद्ध धर्म मानत नाही' अशा वाक्यांना खूण करा आणि कर्ता बदला. 'बौद्ध धर्म आत्मा मानत नाही' ऐवजी 'नागार्जुन मूलमध्यमककारिकेच्या १८ व्या प्रकरणात आत्म्याच्या कल्पनेची परीक्षा करतो' असं लिहिलं की तपासता येईल असं काही हाती येतं. शिवाय पुद्गलवादी नावाचे बौद्धच होते, ज्यांनी 'पुद्गल', म्हणजे एक प्रकारची व्यक्तिसत्ता, मानला आणि बाकीच्या बौद्धांनी त्यावरून त्यांना धारेवर धरलं. 'बौद्ध धर्म मानत नाही' या वाक्यात ते कुठे बसणार?

संदर्भ देताना भाषांतराचा पृष्ठक्रमांक पुरेसा नसतो, कारण प्रत्येक आवृत्तीत तो बदलतो. प्लेटोला १५७८ च्या आवृत्तीवरून आलेले स्टेफानस क्रमांक देतात, ॲरिस्टॉटलला १८३१ च्या बेकर आवृत्तीचे, कांटच्या 'शुद्ध बुद्धीची मीमांसा' या ग्रंथाला १७८१ आणि १७८७ च्या दोन आवृत्त्यांची पानं 'ए' आणि 'बी' म्हणून. ऋग्वेदाला मंडल, सूक्त, ऋचा. हे पहिल्या आठवड्यातच अंगवळणी पाडा. सादर करण्याच्या आदल्या रात्री शोधायला बसलात तर मेटाकुटीला याल.

तर्कशास्त्राची भीती अनेकांना वाटते, आणि बिघडतं ते साचवून ठेवल्यामुळे. रोज अर्धा तास द्या. आठवड्यातून एकदा चार तास बसून उपयोग होत नाही. सत्यता-कोष्टकात, म्हणजे विधानांच्या खऱ्या-खोट्या असण्याच्या सगळ्या शक्यतांच्या तक्त्यात, तीन चलांना (सुट्या विधानांना) ८ ओळी, चारांना १६, पाचांना ३२. म्हणून लवकरच सिद्धता करायला शिकावंच लागतं. खरी अडचण चिन्हांची नसते, जर-तरची असते. 'तू आलास तर मी येईन' आणि 'तू आलास तरच मी येईन' यांतला एक 'च' जर-तर दाखवणाऱ्या बाणाची दिशा उलटवतो. पहिल्यात तू न येताही मी येऊ शकतो. दुसऱ्यात तू येऊनही मी न येण्याची मोकळीक आहे. न्यायदर्शनातलं धूर आणि अग्नीचं उदाहरण इथे छान जमतं. धूर आहे तिथे अग्नी असतो, पण अग्नी आहे तिथे धूर असेलच असं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर यायला ओलं इंधन लागतं. त्या ओल्या इंधनाला नैयायिक उपाधी म्हणतात, आणि कोणत्याही सरसकट विधानात लपलेली उपाधी हुडकणं हा फार चांगला व्यायाम आहे.

भाषेचा विचार पहिल्या वर्षीच करा. संस्कृत, पाली, अरबी, हिब्रू, ग्रीक यांपैकी कोणतीही घेतली तरी कोशाच्या आधारानं सोपा उतारा वाचता यायला साधारण दोन वर्षं जातात. तिसऱ्या वर्षी प्रबंधाच्या वेळी सुरू करून काही साधत नाही.

प्रबंधात मुलाखती घेणार असाल तर आधी विद्यापीठाच्या नैतिकता समितीची परवानगी, माहितीपत्रक आणि संमतीपत्र. याला काही आठवडे लागतात, आणि परवानगीपूर्वी घेतलेल्या मुलाखती वापरता येत नाहीत. पदवीच्या कामाला सहा ते आठ मुलाखती पुरेत. एका तासाचं ध्वनिमुद्रण उतरवून काढायला चार ते सहा तास लागतात, हे वेळापत्रकात धरा.

प्रवेशाआधी मोकळा वेळ असेल तर ह्यूमचे नैसर्गिक धर्मावरचे संवाद घ्या. ते १७७९ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी छापले गेले. बारा भाग आहेत, रोज एक. प्रत्येक भागानंतर क्लिअँथिस, फिलो आणि डेमिया या संवादातल्या पात्रांनी काय केलं हे प्रत्येकी एका ओळीत लिहा. बाराव्या भागात फिलो एकदम नरमतो. तिथे थांबा आणि दोन वेगळी पानं करा: एकावर, आधीच्या अकरा भागांतल्या युक्तिवादांतून हे नरमणं निघतं का, दुसऱ्यावर, त्या काळी असं लिहिणाऱ्याला फिलोच्या तोंडी हे घालावंसं का वाटलं असेल. एका पानावरचं वाक्य दुसऱ्यावर गेलेलं सापडलं तर ते खोडा आणि पुन्हा लिहा.